चढायचे की उतरायचे?

३० जून १९५६च्या सकाळी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन प्रवासी विमाने निघाली. टीडब्ल्यूए कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन कॅन्सस सिटीला चालले होते, तर युनायटेडचे डीसी-७ शिकागोला. युनायटेडला २१ हजार फुटांची उंची मिळाली होती. टीडब्ल्यूएच्या वैमानिकाने तीच मागितली, ती नाकारली गेली. मग त्याने ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्या दिवशी ढगांच्या हजार फूट वर म्हणजे नेमके २१ हजार फूटच होते.

दोन्ही विमानांचे निरोप सॉल्ट लेक सिटीच्या नियंत्रकापर्यंत पोहोचले. उंची सारखी होती. 'पेंटेड डेझर्ट'ची रेषा ओलांडण्याची वेळही दोघांनी १० वाजून ३१ मिनिटे हीच कळवली होती. पण तो पट्टा नियंत्रणाबाहेरचा होता. तिथे विमाने एकमेकांपासून दूर ठेवणे हे नियंत्रकाचे काम नव्हते. वैमानिकांनी डोळ्यांनी पाहायचे आणि टाळायचे, असा नियम होता. ग्रँड कॅन्यनवर ती विमाने एकमेकांवर आदळली. १२८ माणसे होती, एकही वाचले नाही.

धोका कळण्यापुरती माहिती जमिनीवर हजर होती, पण ती कोणी कोणाला सांगायची हेच ठरलेले नव्हते. आज विमान वाहतुकीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जातात, तेव्हा त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. यंत्राला कळलेली गोष्ट माणसाला केव्हा सांगायची, कशी सांगायची आणि ऐकल्यावर माणसाने काय करायचे? धडक टाळणाऱ्या यंत्रांच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची जितकी उत्तरे सापडतात, तितकी दुसरीकडे क्वचितच सापडतील. त्यातली बरीचशी माणसांचे जीव गेल्यावर मिळाली आहेत.

डोळ्यांवर भिस्त का ठेवता येत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी ९०० किलोमीटर वेगाची दोन जेट विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला अर्धा किलोमीटरने घटते. आठ-दहा किलोमीटरवर ठिपका दिसला, तरी हाताशी वीसेक सेकंदच उरतात. शिवाय धडकेच्या मार्गावरचे विमान काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी स्थिर राहते आणि फक्त मोठे होत जाते, तर माणसाची नजर वेधते ती हलणारी वस्तू.

ग्रँड कॅन्यनच्या अपघातानंतर अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. आकाशाच्या व्यवस्थेसाठी १९५८मध्ये नवी केंद्रीय संस्था उभी राहिली, तीच आजची एफएए. दुसरी गोष्ट बेंडिक्स कंपनीतल्या जॉन मॉरेल यांच्या कागदावर घडली. विमाने किती अंतरावर आहेत यापेक्षा धडकेला किती वेळ उरला आहे हे मोजा, असे त्यांनी मांडले. दोन विमानांमधले अंतर भागिले ते घटण्याचा वेग, एवढाच त्याचा गाभा. या वेळेला अभियंते 'टाऊ' म्हणतात. पुढे अर्धशतकभर धडक टाळणारी यंत्रे याच भागाकारावर चालली.

यंत्राने मोजायचे हे ठरले, तरी ठरवायचे कोणी? ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या संपादनाखाली १९५१ मध्येच हवाई वाहतूक नियंत्रणावर एक अहवाल निघाला होता. माणूस कशात सरस आणि यंत्र कशात, याची यादी त्यात होती. न थकता तेच काम करणे, झटपट हिशेब आणि ताबडतोब प्रतिसाद हे यंत्राच्या वाट्याला आले. प्रसंग ओळखणे, जुळवून घेणे आणि तारतम्य हे माणसाच्या. ही वाटणी इतकी सरळ होती की ती अभियंत्यांच्या डोक्यात कायमची बसली. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये जो सांधा असतो, त्याबद्दल मात्र यादीत फारसे काही नव्हते.

सॅन डिएगोवर २५ सप्टेंबर १९७८ रोजी लख्ख उजेडात पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ एका छोट्या सेस्ना विमानावर आदळले. नियंत्रकाने सेस्नाची सूचना दिली होती. ते दिसत असल्याचे वैमानिकांनी कळवले आणि मग ते त्यांच्या नजरेतून सुटले. १४४ जण दगावले. लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावावर ३१ ऑगस्ट १९८६ रोजी मेक्सिकोचे डीसी-९ आणि एक खासगी पायपर यांची टक्कर झाली आणि जमिनीवरच्या लोकांसह ८२ जीव गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मोठ्या प्रवासी विमानांत धडक टाळणारे यंत्र सक्तीचे केले. या यंत्राला सगळे जग टीकॅस म्हणून ओळखते.

टीकॅस आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना, म्हणजे रेडिओ हाकेला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणांना, दर सेकंदाला हाक देते आणि उत्तरांवरून अंतर व उंची काढते. धोका वाटला की आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा आवाज येतो. त्याचा अर्थ लक्ष ठेवा, तयार राहा. धडक पंधरा ते पस्तीस सेकंदांवर आली की आदेश सुटतो: 'क्लाइंब, क्लाइंब' किंवा 'डिसेंड, डिसेंड'. दोन्ही विमानांतली यंत्रे आधी आपसांत ठरवून घेतात, त्यामुळे एकाला वर सांगितले की दुसऱ्याला खालीच सांगितले जाते. डावी-उजवी दिशा त्याच्या अँटेनाला पुरेशी अचूक कळत नाही, म्हणून टीकॅस कधीही वळायला सांगत नाही. वैमानिकाने पाच सेकंदांत ऑटोपायलट सोडून विमान हाताने वर किंवा खाली न्यावे, असे गृहीत धरलेले आहे. संकट टळले की 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' ऐकू येते.

भारताने या यंत्राची किंमत १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी ओळखली. दिल्लीहून निघालेले सौदियाचे बोइंग ७४७ चौदा हजार फुटांवर होते. समोरून दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्यूशिन-७६ला पंधरा हजारांपर्यंतच उतरायची परवानगी होती. त्या काळी दिल्लीत येणारी-जाणारी वाहतूक एकाच मार्गाने चाले आणि नियंत्रकासमोरचे रडार विमानाची जागा दाखवी, उंची दाखवत नसे. समोरच्या विमानाची सूचना कझाक वैमानिकांना मिळाली होती, तरीही ते विमान पंधरा हजारांच्या खाली घसरले. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ जणांचे मृतदेह विखुरले. आकाशातल्या धडकेत इतकी माणसे त्याआधी कधी मेली नव्हती आणि त्यानंतरही नाहीत. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार आले आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, डीजीसीएने, भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना धडक टाळणारे यंत्र सक्तीचे केले.

आता मोठ्या प्रवासी विमानांत सल्लागार बसू लागला होता. पण जमिनीवरचा सल्लागारही तिथेच होता, आणि दोघांनी उलटसुलट सांगितले तर काय, याचे सगळ्या जगाला मान्य असे एक उत्तर तेव्हा नव्हते. जपानमध्ये ३१ जानेवारी २००१ रोजी शिकाऊ नियंत्रकाने दोन जपान एअरलाइन्स विमानांच्या क्रमांकांत गल्लत केली आणि भलत्याच विमानाला उतरायला सांगितले. त्या विमानातले टीकॅस 'चढा' म्हणत होते. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, तर दुसऱ्या विमानाने टीकॅसचे. दोघेही उतरू लागले. शेवटच्या क्षणी समोर दिसल्यावर एकाने विमान इतके जोरात खाली दाबले की आतले सुमारे शंभर जण जखमी झाले, पण धडक टळली.

दीड वर्षाने जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी, ती टळली नाही. १ जुलै २००२च्या रात्री साडेअकराच्या सुमारास बश्किरियन एअरलाइन्सचे टुपोलेव्ह-१५४ मॉस्कोहून बार्सिलोनाला चालले होते. त्यातले बहुतेक प्रवासी उफा शहरातली शाळकरी मुले होती. डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७ बेर्गामोहून ब्रसेल्सला निघाले होते. दोघेही ३६ हजार फुटांवर होते. झ्युरिकच्या नियंत्रण केंद्रात एकटा नियंत्रक दोन टेबलांचे काम पाहत होता. दुरुस्तीसाठी मुख्य रडार-प्रणाली मर्यादित अवस्थेत होती, टकरीचा इशारा पडद्यावर दिसत नव्हता आणि मुख्य दूरध्वनी बंद होता. त्यातच फ्रीड्रिक्सहाफेनला उतरणाऱ्या, उशीर झालेल्या एका विमानात तो गुंतला होता.

पुढचे एक मिनिट चौकशी अहवालाने सेकंदासेकंदाने मांडले आहे. धडकेला ५० सेकंद असताना दोन्ही कॉकपिटमध्ये 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' वाजले. ४३ सेकंद असताना नियंत्रकाच्या लक्षात धोका आला आणि त्याने टुपोलेव्हला खाली उतरायला सांगितले. ३६ सेकंद असताना टुपोलेव्हचे टीकॅस म्हणाले 'चढा', बोइंगचे म्हणाले 'उतरा'. टुपोलेव्हचा सहवैमानिक यंत्र चढायला सांगते आहे हे बोलून दाखवत होता, पण विमान आधीच खाली निघाले होते. सात सेकंदांनी नियंत्रकाने उतरण्याचा आदेश पुन्हा दिला आणि समोरच्या विमानाची दिशाही चुकीची सांगितली. बोइंगचे वैमानिक आपल्या यंत्राचे ऐकून उतरत होते आणि १३ सेकंद असताना त्यांनी तसे कळवलेही. तेव्हा नियंत्रक दुसऱ्या विमानाशी बोलत होता. ७१ जण मरण पावले.

दोन्ही यंत्रांनी आपापल्या सूचना दिल्या होत्या, आणि त्या दोन्ही पाळल्या गेल्या असत्या तर विमाने एकमेकांच्या वरून-खालून निघून गेली असती. टुपोलेव्हच्या चालकांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या विमानाच्या कार्यपुस्तिकेत नियंत्रकाची सूचना सर्वांत महत्त्वाची आणि टीकॅस हे जोडीचे साधन, असेच लिहिलेले होते. आंतरराष्ट्रीय नियमांतही एकवाक्यता नव्हती. यानंतर आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम स्पष्ट केला. टीकॅसचा आदेश आला की वैमानिकाने तोच पाळायचा, नियंत्रक उलट सांगत असला तरी. आणि वैमानिकाने 'टीकॅस आरए', म्हणजे टीकॅसचा आदेश आला आहे, एवढे कळवले की नियंत्रकाने ते विमान वळवण्या-उतरवण्याच्या सूचना थांबवायच्या.

नियम लिहिला म्हणून माणसे पाळतातच असे नाही. एमआयटीत १९९०च्या दशकात एमी प्रिचेट यांनी डॉक्टरेटसाठी नेमका हाच विषय घेतला होता. जवळजवळच्या समांतर धावपट्ट्यांवर उतरताना यंत्राने धोक्याची सूचना दिली, तरी वैमानिक ती का पाळत नाहीत? सिम्युलेटरमधल्या प्रयोगांतून त्यांनी दाखवले की वैमानिक पडद्याकडे पाहून धोक्याचा आपला अंदाज बांधत असतो. यंत्राचा हिशेब त्या अंदाजापेक्षा वेगळ्या कसोटीवर चालला, तर सल्ला त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राशी विसंगत ठरतो आणि माणूस चित्रावर विश्वास ठेवतो. म्हणजे पडदा आणि आदेश एकाच तर्काने चालले पाहिजेत. लिझान बेनब्रिज यांनी १९८३च्या गाजलेल्या निबंधात याची दुसरी बाजू मांडली होती. सोपे काम यंत्राला देऊन अवघड प्रसंगापुरता माणूस राखून ठेवला, तर त्या प्रसंगासाठी लागणारा सरावच त्याच्याकडे उरत नाही.

टीकॅसच्या सुधारणांवर या समजुतीची छाप दिसते. आधीच्या आवृत्तीत 'चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा' अशा अर्थाचा एक आदेश होता. तो ऐकून काही वैमानिक नेमके उलट करत, आणि हे प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदींतून उघड झाले. ७.१ या आवृत्तीत त्या जागी 'लेव्हल ऑफ' हा सरळ आदेश आला. समोरचा वैमानिक आदेश पाळत नसेल तर आपला आदेश वेळेत उलटवण्याची सोयही तिच्यात सुधारली. एअरबसने २००९ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. एअरबस ए-३८०च्या ऑटोपायलटला टीकॅसचा आदेश स्वतः पाळण्याची परवानगी मिळाली. वैमानिकाने फक्त देखरेख करायची.

पण जुन्या टीकॅसची अडचण त्याच्या बांधणीतच होती. त्याचे तर्कशास्त्र म्हणजे तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे हाताने लिहिलेले नियम. एक बदलला की दुसऱ्याला धक्का लागे. एडिंबरा विद्यापीठातून कृत्रिम बुद्धिमत्तेत डॉक्टरेट घेतलेले मायकेल कोकेनडर्फर एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत आले आणि त्यांच्या गटाने वेगळा मार्ग धरला. विमाने कशी हलतात याचे संभाव्यतेचे गणित मांडायचे. धडक, विनाकारण इशारा आणि उलटवलेला आदेश यांना किती किंमत मोजायची हे ठरवायचे. मग प्रत्येक परिस्थितीत कोणता सल्ला सर्वांत स्वस्त पडतो ते संगणकाकडून आधीच काढून कोष्टकात भरून ठेवायचे. या घराण्याचे नाव एकॅस एक्स. प्रवासी विमानांसाठीच्या त्याच्या आवृत्तीचे तांत्रिक मानक २०१८ मध्ये निघाले.

या गणितातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यात वैमानिकही आहे. तो किती सेकंदांनी हालचाल करील, सुचवलेल्यापेक्षा कमी-जास्त करील का, किंवा काहीच करणार नाही का, या शक्यता या गटाने हिशेबात धरून पाहिल्या. फिट्सच्या यादीत माणूस आणि यंत्र वेगवेगळ्या रकान्यांत बसले होते. इथे माणसाचा उशीर आणि त्याची शंका यंत्राच्या सल्ल्याचाच भाग झाली. युबरलिंगेनसारख्या रात्री यंत्राला नेमके हेच कळायला हवे होते.

मानवरहित विमानांसाठीच्या एकॅस एक्सयू या आवृत्तीने नवा पेच उभा केला. तिचे कोष्टक दोन गिगाबाइटच्या वर गेले आणि विमानातल्या साधनांना ते पेलणारे नव्हते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते न्यूरल नेटवर्कमध्ये दाबून तीन मेगाबाइटच्या आत बसवून पाहिले. कोष्टकातली नोंद तपासता येते. नेटवर्क प्रत्येक वेळी बरोबरच सांगेल याची खात्री कशी द्यायची? गाय काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये रिल्यूप्लेक्स ही गणिती पद्धत मांडली आणि अशा ४५ नेटवर्कच्या संचावर ती चालवून पाहिली. अनेक गुणधर्म सिद्ध झाले, आणि एके ठिकाणी नेटवर्क अपेक्षेबाहेरचा सल्ला देते हेही त्याच पद्धतीने उघडे पडले. विमानात शिरण्याआधी कृत्रिम बुद्धिमत्तेला कोणत्या परीक्षेतून जावे लागेल, याचा हा पहिल्या काही नमुन्यांपैकी एक.

सेकंदांच्या या जगाशेजारी मिनिटांचे जग आहे, ते नियंत्रकांचे. तिथे धडक पाच-दहा मिनिटे आधीच ओळखून सोडवायची असते. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात २०१७ मध्ये कार्ल वेस्टिन यांनी सादर केलेला प्रबंध याच जगाचा. यंत्र आपल्यासारखाच विचार करत असेल, तर नियंत्रक त्याचे ऐकतील का? प्रयोगात नियंत्रकांनी आधी सिम्युलेटरवर विमानांचे पेच सोडवले. काही काळाने तेच पेच आडवे-उभे फिरवून, नावे बदलून त्यांच्यासमोर ठेवले गेले आणि सोबत यंत्राचा म्हणून एक तोडगा दाखवला गेला. तो कधी त्यांचा स्वतःचाच आधीचा तोडगा असे, तर कधी दुसऱ्या सहकाऱ्याचा. स्वतःचा तोडगा त्यांनी अधिक वेळा आणि अधिक लवकर स्वीकारला. तरीही काही वेळा त्यांनी आपलाच तोडगा, यंत्राचा समजून, नाकारला. नियंत्रकासारखे वागणारे यंत्र घडवले की प्रश्न सुटला, या आशेला या निष्कर्षाने मर्यादा घातली.

डेल्फ्टमध्येच आणखी एक वाट चाचपली गेली आहे. यंत्राने 'डावीकडे वळवा' असे सांगायचेच नाही. विमानाभोवती एक आकृती काढायची आणि ज्या दिशेला, ज्या वेगाला गेल्यास धडक होईल तो भाग रंगवून दाखवायचा. उरलेली मोकळी जागा नियंत्रकाची. हिशेब यंत्राचा असतो, निवड माणसाची, आणि निवडीचे कारण दोघांनाही एकाच चित्रात दिसते.

युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, २०२०च्या आराखड्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे तीन स्तर केले: माणसाला मदत करणारी, माणसासोबत काम करणारी आणि पुढची, अधिक स्वायत्त. एमआयटीतल्या शेरिडन आणि व्हरप्लँक यांनी १९७८ मध्ये दहा पायऱ्यांची अशीच शिडी मांडली होती. या शिड्या उपयोगी आहेत, पण टीकॅसचा इतिहास आणखी एक कसोटी पुढे आणतो, ती म्हणजे हाताशी असलेला वेळ. पाच सेकंदांत कारण समजावता येत नाही. तिथे आदेश एकच हवा, स्पष्ट हवा आणि त्याचे स्थान आधीच ठरलेले हवे. पाच मिनिटे असतील तर कारण न दाखवणारा सल्ला निम्माच ठरतो.

सर्वांत कमी उत्तरे आहेत ती या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. नियंत्रकाच्या पडद्यावरचा टकरीचा इशारा सुमारे दोन मिनिटे आधी वाजतो आणि टीकॅस अर्ध्या मिनिटावर बोलते. त्या दरम्यान दोन वेगवेगळी यंत्रे दोन वेगवेगळ्या माणसांना सल्ला देत असतात. टीकॅसचा आदेश सुटताच तो आपोआप नियंत्रकाच्या पडद्यावर उमटवणारी सोय युरोपातल्या काही केंद्रांनी बसवली आहे. सगळ्यांनी नाही. तसे केल्याने जबाबदारी कोणाकडे जाते आणि नियंत्रक गोंधळतो का, यावर अजून मतभेद आहेत. नव्या संशोधकांनी आपली बुद्धी आणि कृत्रिम बुद्धिमत्ताही आधी या दोन मिनिटांवर खर्च करावी. युबरलिंगेनच्या आकाशात एका यंत्राला जे ठाऊक होते, ते जमिनीवरच्या माणसापर्यंत पोहोचायला याच पट्ट्यात वाट मिळाली नव्हती.